सीआयएनं क्रॅक कोकेन पसरवलं का? पुरावा कुठपर्यंत जातो आणि कुठे थांबतो

प्रश्न असा आहे: ‘१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये क्रॅक कोकेन सीआयएनंच पेरलं, असं सतत वाचायला मिळतं. काहीजण म्हणतात हे सिद्ध झालंय, काहीजण म्हणतात निव्वळ भाकडकथा. खरं काय, आणि असले दावे साध्या वाचकानं तपासायचे कसे?’

क्रॅक म्हणजे कोकेनचं ओढता येणारं, स्वस्तात विकलं जाणारं रूप. आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांना मदत करणाऱ्या कितीतरी माणसांवर आणि कंपन्यांवर कोकेनच्या तस्करीचे आरोप होते, ते सीआयएला त्याच काळात कळले होते, आणि तरी त्यातल्या अनेकांशी काम चालू राहिलं. हे सिद्ध आहे, तेही सरकारच्याच कागदांवरून. सीआयएनं ठरवून क्रॅक अमेरिकेत आणलं, किंवा ते एका वंशाच्या वस्त्यांवर सोडलं, याला पुरावा नाही. वाद घालणारे दोन्ही पक्ष यातलं एकेक वाक्य उचलतात आणि दुसरं नसल्यासारखं बोलतात.

असा कुठलाही दावा समोर आला की तो आधी पायऱ्यांवर मांडून बघावा. पहिली पायरी: सरकारी यंत्रणेला तस्करी माहीत होती, पण ती गप्प बसली. दुसरी: तिनं तपासात खोडा घातला, कुणाला तरी वाचवलं. तिसरी: त्याच माणसाला कामावर ठेवलं, पैसे दिले. चौथी: ड्रग्जच्या पैशावर सरकारी मोहीम चालवली. पाचवी: धंदाच सरकारनं उभा केला. प्रत्येक पायरीला वेगळ्या जातीचा पुरावा लागतो. पहिलीला आत आलेली केबल, म्हणजे संस्थेचा अंतर्गत गुप्त संदेश, पुरते, तिसरीला चेक किंवा करार लागतो, पाचवीला आदेश लागतो, नाहीतर हिशेबाची वही. सोशल मीडियावरच्या बहुतेक पोस्टमध्ये पुरावा पहिल्या पायरीचा असतो आणि मथळा पाचवीचा. सरकारी खुलाशांची गंमत याच्या उलट. ते पाचवी पायरी ठामपणे नाकारतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की खालच्या चारही नाकारल्या.

आता पार्श्वभूमी, जेवढी लागते तेवढीच. जुलै १९७९ मध्ये निकाराग्वात सोमोझाची हुकूमशाही कोसळली आणि डावे सँडिनिस्टा सत्तेवर आले. त्यांच्याविरुद्ध लढणारे ते काँट्रा. १९८१ च्या अखेरीस रेगन सरकारनं त्यांना सीआयएमार्फत पैसा द्यायला सुरुवात केली. अमेरिकी काँग्रेसनं डिसेंबर १९८२ मध्ये बोलंड दुरुस्तीनं पहिला लगाम घातला आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये लष्करी मदत जवळपास पूर्ण बंद केली. १९८६ मध्ये १० कोटी डॉलर मंजूर झाले तेव्हा अधिकृत लष्करी मदत पुन्हा सुरू झाली. मधली दोन वर्षं काँट्रांचा हात रिकामा होता. विमानं आणि वैमानिक हवे होते, गुप्त धावपट्ट्या हव्या होत्या, आणि मध्य अमेरिकेत ही तिन्ही सामग्री ज्यांच्याकडे तयार होती ते कोकेनवाले. त्यांनाही काहीतरी हवं होतं: दक्षिणेकडे शस्त्रं नेणाऱ्या विमानाकडे परतीच्या वाटेवर कुणी फारसं वाकून बघणार नाही, ही आशा. दोघांची गरज इतकी सरळ जुळत असताना वरून कुणी कट शिजवण्याची आवश्यकताच उरत नाही. कारस्थानाच्या गोष्टी रचणारे हा भाग गाळतात, कारण त्यात खलनायक एका खुर्चीत बसलेला सापडत नाही.

तिसऱ्या पायरीचा सर्वांत पक्का पुरावा सिनेटर जॉन केरी यांच्या उपसमितीच्या एप्रिल १९८९ च्या अहवालात आहे. काँग्रेसनं मंजूर केलेली ‘मानवतावादी’ मदत, म्हणजे अन्न, कपडे, औषधं, काँट्रांपर्यंत पोचवायचं काम परराष्ट्र खात्यानं चार अशा कंपन्यांना दिलं, ज्यांचे मालक किंवा चालक अमली पदार्थांचे व्यापारी होते. या चौघींना मिळून ८ लाख ६ हजार डॉलरहून अधिक रक्कम दिली गेली. काही रकमा तर संबंधितांवर ड्रग्जच्या प्रकरणात आरोपपत्र दाखल झाल्यानंतर दिल्या गेल्या. चारपैकी सेटको ही होंडुरासमधली हवाई वाहतूक कंपनी. तिच्यामागे हुआन रामोन माता बायेस्तेरोस आहे आणि तो डीईएच्या, म्हणजे अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याच्या, यादीत पहिल्या दर्जाचा तस्कर आहे, असं अमेरिकेच्याच सीमाशुल्क विभागानं १९८३ च्या तपास अहवालात लिहून ठेवलं होतं. सेटकोला सुमारे १ लाख ८६ हजार डॉलर मिळाले ते त्यानंतर, १९८६ मध्ये. म्हणजे एका खात्याच्या कपाटात इशारा पडलेला आणि दुसऱ्या खात्याच्या चेकवर सही झालेली. केरी अहवालातला हा भाग कुणी खोडू शकलेलं नाही, कारण तो तुरुंगातल्या साक्षीदाराच्या जबानीवर उभा नाही. त्याला देयकांचा आधार आहे.

रक्कम मोठी नाही, हेही लक्षात ठेवावं. आठ लाख डॉलरमध्ये युद्ध चालत नाही. हा आकडा एवढंच सांगतो की कंत्राट देताना समोरचा कोण आहे हे बघितलं गेलं नाही, किंवा बघून सोडून दिलं गेलं.

दुसरा कागद मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो, आणि त्यात कोकेनचा एक कणही नाही. १९८१ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशानुसार गुप्तचर संस्थांना कुठले गुन्हे न्याय खात्याला कळवावे लागतील याची कार्यपद्धती ठरवायची होती. सीआयएचे पगारी कर्मचारी एका वर्गात, आणि खबरे, हस्तक, भाड्याचे वैमानिक वगैरे ‘बिगर-कर्मचारी’ दुसऱ्या वर्गात, अशी विभागणी झाली. दुसऱ्या वर्गातल्या माणसानं केलेले कुठले गुन्हे कळवायचे त्याची यादी आहे. खून आहे, अपहरण आहे. अमली पदार्थ नाहीत. ते नजरचुकीनं सुटले म्हणावं, तर ॲटर्नी जनरल विल्यम फ्रेंच स्मिथ यांनी ११ फेब्रुवारी १९८२ रोजी सीआयएचे संचालक विल्यम केसी यांना लिहिलेल्या पत्रात स्पष्टच म्हटलंय की अमली पदार्थांच्या गुन्ह्यांबाबत कळवण्याची औपचारिक सक्ती या कार्यपद्धतीत ठेवलेली नाही. केसींनी २ मार्चला समाधान व्यक्त करणारं उत्तर धाडलं. ही सवलत १९९५ पर्यंत टिकली.

या पत्राचा अर्थ लावताना दोन्हीकडून घसरायला होतं. ‘सीआयएला ड्रग्ज विकायचा परवाना मिळाला’ असा अर्थ काढणारे चुकतात. पत्रानं तस्करी कायदेशीर झाली नाही, आणि कुणी कळवायचं ठरवलं असतं तर त्याला मनाईही नव्हती. पण ‘ही केवळ कार्यालयीन तरतूद होती’ म्हणणारेही तितकेच चुकतात. फील्डमधल्या अधिकाऱ्याला आपला वैमानिक पांढरी पूड आणतो असं कानावर आलं, आणि ते कळवलं तर वैमानिकही गेला अन् मोहीमही लटकली. अशा वेळी कळवण्याची सक्ती नसणं हा त्याला मिळालेला स्पष्ट इशारा असतो. तारीखही बघा. काँट्रांची मोहीम नुकतीच मंजूर झालेली होती. तारखांची जवळीक हा हेतूचा पुरावा होत नाही, एवढी खबरदारी घेऊनच पुढे जावं.

दुसऱ्या पायरीसाठी ‘फ्रॉगमन’ प्रकरण बारकाईनं पाहण्यासारखं आहे. जानेवारी १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर, कोलंबियाहून आलेल्या जहाजातून पाणबुड्यांच्या वेषात कोकेन उतरवणारी टोळी पकडली गेली. माल ४३० पौंड, म्हणजे १९५ किलोच्या घरात. एका आरोपीच्या घरातून ३६ हजारांहून अधिक डॉलर रोख जप्त झाले. हे पैसे ड्रग्जचे नाहीत, काँट्रांच्या कामासाठी दिलेले आहेत, असं सांगणारी पत्रं कोस्टा रिकातल्या काँट्रांशी संबंधित मंडळींकडून कोर्टात आली. सरकारी वकील त्यांची जबानी घ्यायला कोस्टा रिकाला जाणार होते. गेले नाहीत. पैसे १९८४ मध्ये परत केले गेले.

सरकारी वकिलांचं म्हणणं होतं की प्रवासाचाच खर्च त्या रकमेपेक्षा जास्त झाला असता. हे कारण ऐकायला पटतंही. पण पुढे सीआयएच्या महानिरीक्षकांच्या अहवालात बाहेर आलं की सीआयएच्या वकिलांनी मधल्या काळात न्याय खात्याशी संपर्क साधला होता, आणि या जबान्यांतून मध्य अमेरिकेतल्या कार्यक्रमाला आणि संस्थेच्या प्रतिमेला धक्का बसेल अशी काळजी अंतर्गत केबलमध्ये नोंदवली होती. हा दुसऱ्या पायरीचा पुरावा झाला: कोर्टातल्या प्रक्रियेत हात घातला गेला. तिसऱ्या पायरीचा तो होत नाही, कारण ते आरोपी सीआयएचे हस्तक होते असं त्यातून निघत नाही. पोस्टींमध्ये मात्र हेच प्रकरण ‘सीआयएनं तस्करांना पैसे दिले’ या मथळ्याखाली फिरतं. जप्त केलेले पैसे परत करणं आणि खिशातले पैसे देणं यात फरक आहे, आणि इथे सगळा निकाल त्या फरकावर ठरतो.

आता लॉस एंजेलिस. ऑगस्ट १९९६ मध्ये ‘सॅन होजे मर्क्युरी न्यूज’मध्ये गॅरी वेब यांची तीन भागांची लेखमाला आली. मांडणी अशी: दानिलो ब्लांदोन आणि नॉर्विन मेनेसेस या दोन निकाराग्वन तस्करांनी ‘फ्रीवे’ रिक रॉस या दक्षिण-मध्य लॉस एंजेलिसमधल्या विक्रेत्याला टनावारी कोकेन विकलं, त्यातून क्रॅकची साथ पेटली, आणि नफ्यातले लाखो डॉलर काँट्रांकडे गेले. सीआयएनं हे घडवलं असं लेखांच्या मजकुरात कुठेही थेट म्हटलेलं नव्हतं. पण वेबसाइटवरच्या चित्रात क्रॅक ओढणारा माणूस सीआयएच्या शिक्क्यावर छापलेला होता. मजकुरानं न केलेला दावा त्या चित्रानं केला. पुढे चित्र बदललं, तोवर लोकांच्या डोक्यात तेच पक्कं बसलं होतं. कुठलीही शोधकथा वाचताना मथळा, चित्र आणि मजकूर हे तिन्ही वेगवेगळ्या लोकांचे दावे समजून वाचावेत, कारण बहुतेक वेळा ते असतातच.

लेखमालेतले कच्चे दुवे मोजके आहेत, पण भार त्यांच्यावरच आहे. ब्लांदोननं रॉसविरुद्धच्या खटल्यात शपथेवर सांगितलं की सुरुवातीला आपण काँट्रांसाठी पैसे उभे करत होतो, रेगन सरकारचा पैसा येऊ लागल्यावर ती गरज संपली आणि पुढे धंदा स्वतःसाठी केला. म्हणजे काँट्रांचा वाटा सुरुवातीच्या थोड्या काळापुरता. लेखमालेनं तो दशकाच्या मोठ्या भागावर पसरवला. त्यातही एक गोम आहे: ब्लांदोन हा तोवर डीईएचा पगारी खबऱ्या झाला होता, त्याला १ लाख ६६ हजार डॉलरहून अधिक मिळाले होते, आणि कमी शिक्षा भोगून तो २८ महिन्यांत सुटला होता. त्याची साक्ष दोन्ही बाजू आपापल्या सोयीनं वापरतात. लेखमालेला अडचणीची वाक्यं तो खोटं बोलला म्हणून फेकायची आणि सोयीची तेवढी ठेवायची, असं करता येत नाही.

दुसरा दुवा प्रमाणाचा. इथे कागद-पेन्सिल घेऊन बसावं. वादापुरतं मान्य करा की ही टोळी दर आठवड्याला १०० किलो विकत होती, म्हणजे वर्षाला ५.२ टन. एका शहरासाठी हा प्रचंड माल आहे, हजारो संसार उद्ध्वस्त करायला पुरेसा. पण अमेरिकेतला त्या काळातला कोकेनचा वार्षिक खप शेकडो टनांत होता. शिवाय क्रॅक मायामी आणि न्यूयॉर्कमध्येही त्याच सुमारास पसरलं, आणि तिथल्या साखळ्या वेगळ्या होत्या, कोलंबियन, डॉमिनिकन, कॅरिबियन बेटांमधल्या. कोकेनचा पुरवठा एवढा वाढला होता की घाऊक भाव कोसळत होते. एका टोळीला या सगळ्याचं मूळ ठरवायचं, तर बाकीची शहरं नकाशातून वगळावी लागतात.

वेब यांच्यावर तुटून पडलेल्या मोठ्या वर्तमानपत्रांची बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. ऑक्टोबर १९९६ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट, लॉस एंजेलिस टाइम्स आणि न्यूयॉर्क टाइम्स या तिघांनी लागोपाठ लेखमालेची चिरफाड केली. त्यात निनावी अधिकाऱ्यांवर भरपूर भिस्त होती, आणि बराच जोर वेब यांनी न केलेला दावा खोडण्यावर होता. लॉस एंजेलिस टाइम्सनं १९९४ मध्ये रॉसला शहरातल्या क्रॅकच्या धंद्याचा सूत्रधार म्हणून रंगवलं होतं. दोन वर्षांनी त्याच वर्तमानपत्राला तो अनेकांपैकी एक वाटू लागला. मे १९९७ मध्ये मर्क्युरी न्यूजच्या संपादकांनीही जाहीर लिहिलं की पैशांचे अंदाज हे अंदाज म्हणून सांगितले गेले नाहीत, क्रॅकच्या फैलावाचं चित्र फार सोपं केलं गेलं, आणि सीआयएच्या वरिष्ठांना माहीत होतं असा सूर पुराव्याशिवाय लागला. या कबुलीला ‘माघार’ म्हणतात, पण ती नीट वाचली तर गाभ्यातली माणसं आणि त्यांचे काँट्रांशी असलेले संबंध त्यात मागे घेतलेले नाहीत.

लोकांनी पाचव्या पायरीवर इतक्या सहज विश्वास का ठेवला, हेही समजून घ्यायला हवं, नाहीतर उत्तर उद्धट होतं. टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्यसेवेनं शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांच्या सिफिलिसवर उपचार होऊ दिले नव्हते, आणि ते उघड झालं होतं. १९८६ च्या कायद्यानं ५ ग्रॅम क्रॅकला जी किमान पाच वर्षांची शिक्षा लावली, ती पूड कोकेनला ५०० ग्रॅमवर लागू होत होती. क्रॅकखाली पकडले जाणारे बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. १०० ला १ हे प्रमाण २०१० मध्ये १८ ला १ वर आलं. ज्या वस्तीनं हे भोगलं तिला ‘सरकार असं करणार नाही’ हा युक्तिवाद कुठल्या तोंडानं ऐकवायचा? नोव्हेंबर १९९६ मध्ये सीआयएचे संचालक जॉन डॉइच लॉस एंजेलिसच्या लॉक हायस्कूलमध्ये लोकांसमोर उभे राहिले, तेव्हा सभागृहानं त्यांना बोलूही मुश्किलीनं दिलं, त्यात नवल नाही.

डॉइच यांनी कबूल केलेली चौकशी महानिरीक्षक फ्रेडरिक हिट्झ यांनी केली. पहिला खंड जानेवारी १९९८ मध्ये आला, दुसरा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, क्लिंटन यांच्या महाभियोगाच्या गदारोळात. वर्तमानपत्रांनी पहिल्याला जागा दिली आणि दुसऱ्याला जवळपास नाही. खरा मजकूर दुसऱ्यात आहे. काँट्रांशी संबंधित डझनावारी व्यक्तींबद्दल आणि संस्थांबद्दल सीआयएकडे काय माहिती आली आणि तिचं काय झालं, याचा परिच्छेदवार हिशेब त्यात दिला आहे. सप्टेंबर १९८१ ची एक केबल तर सांगते की काँट्रांच्या एका सुरुवातीच्या गटाच्या नेतृत्वानं पैसा उभारण्यासाठी अमेरिकेत ड्रग्ज पाठवायचं ठरवलं आहे. मार्च १९९८ मध्ये हिट्झ यांनी काँग्रेससमोर मान्य केलं की तस्करीचे आरोप असलेल्या काँट्रा-समर्थकांशी असलेले संबंध सीआयएनं काही बाबतींत वेळेवर किंवा सातत्यानं तोडले नाहीत.

असे अहवाल वाचायची एक पद्धत असते. सारांशातली वाक्यं वकिलानं तासलेली असतात. ‘सीआयएनं किंवा तिच्या कर्मचाऱ्यांनी तस्करीचा कट केला असं दर्शवणारी माहिती आढळली नाही’ अशा धाटणीचं वाक्य आलं की तीन शब्दांखाली रेघ ओढा. ‘कर्मचारी’: वर पाहिलेली १९८२ ची विभागणी आठवा, हस्तक त्यात बसत नाहीत. ‘दर्शवणारी’: अप्रत्यक्ष माहिती वगळायला हा शब्द पुरतो. ‘आढळली नाही’: घडलं नाही, लिहिलं गेलं नाही, किंवा लिहिलेलं उरलं नाही, तिन्ही यात मावतं. मग सारांश बाजूला ठेवून आतला एखादा माणूस निवडा आणि त्याच्यापुरती तारखांची पट्टी आखा. आरोप मुख्यालयात कधी पोचला, मुख्यालयानं फील्डला काय विचारलं, उत्तर कधी आलं, त्याचं शेवटचं मानधन किंवा काम कुठल्या तारखेचं. आरोपाची तारीख आणि संबंध तुटल्याची तारीख यांतलं अंतर हाच तुमचा पुरावा. दुसऱ्या खंडात हे अंतर काही ठिकाणी वर्षांचं आहे.

कच्ची केबल म्हणजे निष्कर्ष नव्हे, हेही पथ्य पाळा. केबलमध्ये ‘अमुक स्रोताच्या म्हणण्यानुसार’ असतं आणि स्रोताची विश्वासार्हता कधी दिलेली असते, कधी नसते. इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रतिमेत बहुधा फक्त मधला परिच्छेद कापलेला असतो, वरचा पाठवणारा आणि खालची टीप गायब. पूर्ण पान मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. सीआयएचा खुला केलेला मोठा साठा जानेवारी २०१७ पासून ऑनलाइन शोधता येतो. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्हकडे काँट्रा-प्रकरणाची कागदपत्रं टिपणांसह लावलेली आहेत. अमेरिकेच्या माहिती अधिकार कायद्याखाली परदेशी माणूसही अर्ज करू शकतो. कायद्यातली मुदत २० कामकाजाच्या दिवसांची, प्रत्यक्षात गुप्तचर खात्यांकडून वर्षं लागतात. मजकूर झाकणाऱ्या काळ्या पट्ट्यांच्या शेजारी, तो कुठल्या कारणानं झाकला ते सांगणारा सूट-कलमाचा क्रमांक असतो: बी-१ म्हणजे गोपनीय वर्गीकरण, बी-३ म्हणजे दुसऱ्या कायद्यानं संरक्षित माहिती, आणि सीआयएच्या बाबतीत हे बहुतेकदा नावं आणि स्रोत असतात. एकच कागद दोन वेळा, दोन खात्यांकडून खुला झालेला असेल तर दोन्ही प्रती शेजारी ठेवा. एकीनं झाकलेलं दुसरीत उघडं राहून गेलेलं बऱ्याचदा सापडतं.

साक्षीदारांचं काय? केरी समितीपुढे बोललेले अनेकजण शिक्षा भोगणारे तस्कर किंवा वैमानिक होते. म्हणून त्यांना फेकून देणं चूक, कारण कोकेनच्या विमानात पाद्री बसलेले नसतात. कसोटी एवढीच: त्यानं हे अटकेच्या आधी कुणाला सांगितलं होतं का, बोलल्यानं त्याची शिक्षा घटणार होती का, आणि त्याच्या शब्दाबाहेरचं काही जुळतं का, म्हणजे उड्डाणाची नोंद, इंधनाचं बिल, बँकेतला भरणा. तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात म्हणून ती तिप्पट पक्की होत नाही. ते एकाच तुरुंगात किंवा एकाच वकिलाकडे होते का, हे आधी बघावं.

विमानांच्या बाबतीत तर हमखास फसगत होते. बॅरी सील हा तस्कर डीईएचा खबऱ्या झाला होता. १९८४ मध्ये त्याच्या सी-१२३ या मालवाहू विमानात छुपे कॅमेरे बसवून निकाराग्वातल्या धावपट्टीवर कोकेन चढवतानाची छायाचित्रं घेतली गेली, आणि ती सँडिनिस्टांविरुद्ध वापरली गेली. सीलचा फेब्रुवारी १९८६ मध्ये खून झाला. ५ ऑक्टोबर १९८६ रोजी काँट्रांना रसद टाकणारं एक सी-१२३ निकाराग्वात पाडलं गेलं, त्यातला अमेरिकी कर्मचारी युजीन हासेनफुस जिवंत सापडला आणि इराण-काँट्रा प्रकरणाचं, म्हणजे इराणला गुपचूप शस्त्रं विकून तो पैसा काँट्रांना पुरवल्याचं, बिंग फुटायला सुरुवात झाली. दोन्ही वेळचं विमान एकच. इथवर खरं. यावरून ‘सील सीआयएसाठी कोकेन आणत होता’ असं म्हणायला मात्र मधली मालकीची साखळी तारखांसह दाखवावी लागते, कारण शेपटीवरचा क्रमांक विमानाची ओळख पटवतो, त्या दिवशी ते कुणाच्या ताब्यात होतं ते सांगत नाही. सील जिथून विमानं चालवायचा त्या अर्कान्सासमधल्या मीना विमानतळाभोवती रचलेल्या कथांचा मोठा भाग याच उडीवर उभा आहे.

पाचवी पायरी इतिहासात कुठेच नाही असं मात्र समजू नका. ती आपल्याच भागात होती, आणि गुप्तही नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीनं बंगालमध्ये १७७३ पासून अफूची मक्तेदारी चालवली. होळकर-शिंद्यांच्या मुलखात पिकणाऱ्या माळव्याच्या अफूवर तिला तसा ताबा मिळेना, माल राजपुतान्यातून कराचीमार्गे आणि पोर्तुगीज दमणमार्गे निसटायचा. शेवटी तिनं बंदीऐवजी परवाना-शुल्क लावून मुंबई बंदर खुलं केलं. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि शुल्क चढत गेलं, १८४७ पर्यंत साधारण १४० पौंडांच्या पेटीमागे ४०० रुपये. चीनमध्ये ती अफू बेकायदा होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुंबईतल्या कितीतरी व्यापारी घराण्यांची संपत्ती त्यातून उभी राहिली, आणि जमाखर्च सरकारी महसुलाच्या वह्यांत आहे. पाचव्या पायरीचा पुरावा असा दिसतो: दर, पेट्या, सही, शिक्का.

या मापानं अफगाणिस्तानच्या त्या प्रसिद्ध फोटोंकडे बघा, ज्यात अमेरिकी सैनिक अफूच्या शेतातून चालताना दिसतात. फोटो खरे आहेत. त्यांतून कळतं ते इतकंच की गस्त तिथून जात होती आणि पीक उपटलं जात नव्हतं. न उपटण्याचं धोरणही लपवलेलं नव्हतं: जून २००९ मध्ये अमेरिकेचे अफगाणिस्तानविषयक विशेष दूत रिचर्ड होलब्रुक यांनी जाहीर सांगितलं होतं की पीक-नाशाची मोहीम वाया जातेय आणि शेतकऱ्याला तालिबानकडे ढकलतेय. युद्धात सोबत घेतलेल्या स्थानिक सरदारांच्या अफूकडे काणाडोळा झाला, हा पहिल्या पायरीचा आरोप टिकतो. फोटोवरून पाचवी गाठता येत नाही.

वेब यांचा डिसेंबर २००४ मध्ये मृत्यू झाला. तपास अधिकाऱ्यांनी ती आत्महत्या ठरवली, त्यांच्या माजी पत्नीनंही तेच मानलं. तरी ‘त्यांना संपवलं’ ही पोस्ट दरवर्षी फिरते. तिच्यात आजवर कागद कुठलाच जोडलेला नसतो.

स्वतः वाचायला बसणार असाल तर सुरुवात केरी अहवालातल्या परराष्ट्र खात्याच्या देयकांच्या भागापासून करा, मग हिट्झ यांचा दुसरा खंड, मग पहिला. न्याय खात्याचे महानिरीक्षक मायकेल ब्रॉमविच यांचा जुलै १९९८ मध्ये खुला झालेला अहवाल त्यानंतर घ्या, कारण ब्लांदोन, मेनेसेस आणि रॉस यांच्या फायली डीईएच्या बाजूनं तिथे सर्वांत तपशिलात आहेत. वेब यांची लेखमाला आणि तिच्यावरची वर्तमानपत्री टीका सगळ्यात शेवटी वाचा. क्रम उलटा केलात तर सरकारी कागदांतही तुम्हाला फक्त तुमच्या बाजूची वाक्यं दिसतील.